वाचकांचे प्रश्न : इस्लामची श्रद्धा, कुरआन आणि स्त्रियांचे स्थान

इस्लामविषयी या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख स्त्रियांच्या स्थानाकडे आहे. त्या प्रश्नांना हात घालण्यापूर्वी श्रद्धा आणि ग्रंथ यांची थोडी ओळख होणे आवश्यक असल्याने पत्रांचा क्रम बदलून घेतला आहे. कुरआनातील वचन, त्या वचनाचा निरनिराळ्या काळांतील धर्मशास्त्र्यांनी लावलेला अर्थ, समाजात चालत आलेली रूढी आणि भारतातील न्यायालये लागू करतात तो कायदा, या चार गोष्टी एकच आहेत असे समजून प्रश्न विचारले जातात आणि दुर्दैवाने उत्तरेही तशीच दिली जातात. पुढील उत्तरांत त्या शक्य तेवढ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. कारण मुस्लिम स्त्रीवरचा एखादा अन्याय यांपैकी नेमका कोठून आला हे कळल्याशिवाय तो दूर कसा करावा हेही कळत नाही.

प्रश्न : मुसलमान लोक मुहंमद पैगंबरांना ईश्वराचा अवतार मानतात काय? मुसलमान असण्यासाठी नेमके काय मानावे लागते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. अवतार ही कल्पना इस्लामला मान्य नाही, आणि पैगंबरांना ईश्वरत्व देणे हा तर त्या धर्माच्या दृष्टीने सर्वांत गंभीर अपराध ठरतो. इ. स. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबरांचे निधन झाले तेव्हा काही अनुयायांना ते वारले हेच पटेना. त्या वेळी त्यांचे ज्येष्ठ सहकारी अबू बकर यांनी लोकांसमोर येऊन सांगितले की, जे मुहंमदांची उपासना करीत होते त्यांनी मुहंमद मरण पावले हे जाणावे, आणि जे अल्लाहची उपासना करतात त्यांनी अल्लाह जिवंत आहे व त्याला मृत्यू नाही हे जाणावे. इस्लामी श्रद्धेचा गाभा या एका प्रसंगात आला आहे.

अल्लाह एकमेव आहे, त्याला कोणी जन्म दिला नाही आणि त्याने कोणाला जन्म दिला नाही, असे कुरआनाची ११२ वी सूरह (अध्याय) अवघ्या चार आयतींत (वचनांत) सांगते. याशिवाय फरिश्ते (देवदूत), ईश्वराकडून आलेले ग्रंथ, पैगंबर, आखिरत म्हणजे मृत्यूनंतरचा न्यायाचा दिवस आणि तकदीर यांवर विश्वास ठेवणे हा सुन्नी परंपरेत ईमानाचा भाग आहे. शिया परंपरा तत्त्वांची मांडणी थोडी वेगळी करते आणि तीत इमामतीला, म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातील धार्मिक नेतृत्वाला, महत्त्वाचे स्थान आहे. इब्राहीम, मूसा आणि ईसा हे ज्यू व ख्रिस्ती परंपरेतील महापुरुष मुसलमानांनाही पैगंबर म्हणून पूज्य आहेत, आणि मुहंमद हे त्या मालिकेतील अखेरचे मानले जातात.

आचरणाचे पाच स्तंभ आहेत : कलमा (श्रद्धेचा उच्चार), दिवसातून पाच वेळांची नमाज, रमजानचे रोजे, जकात (संपत्तीतून द्यायचे सक्तीचे दान) आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज. ही कर्तव्ये स्त्री आणि पुरुष दोघांवर आहेत, हे पुढील प्रश्नांच्या दृष्टीने लक्षात ठेवावे. मासिक पाळीच्या काळात स्त्रीला नमाज माफ असते, रोजे मात्र तिने नंतर भरून काढायचे असतात. जकातीचा हिशेबही तिचा तिने करायचा असतो. साडेसात तोळे सोने किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यावा लागतो, आणि पत्नीच्या मालकीच्या दागिन्यांची जकात हे पतीचे कर्तव्य नसून तिचे स्वतःचे आहे. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. मराठवाड्यातील आणि देशावरील बहुसंख्य मुसलमान हनफी या सुन्नी नियमपंथाचे असल्याने तेथे अंगावरच्या सोन्यावरही जकात लागते. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाचे असल्याने नेहमीच्या वापरातले दागिने त्यांच्याकडे जकातीतून वगळले जातात. एकाच राज्यातील दोन मुस्लिम बहिणींचा धार्मिक हिशेब असा वेगवेगळा असू शकतो, आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

प्रश्न : कुरआन कोणी लिहिला? मी वाचायला घेतला, पण कथेचा धागा सापडेना. हदीस म्हणजे कुरआनच का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुरआन ही पैगंबरांची रचना नसून जिब्रील या फरिश्त्यामार्फत त्यांना मिळालेली अल्लाहची वाणी आहे. इ. स. ६१० च्या सुमारास मक्केजवळील हिरा गुहेत तिचा आरंभ झाला, आणि पुढे सुमारे २३ वर्षे, ६२२ सालच्या हिजरतीपूर्वी (मक्केहून मदिनेला झालेल्या स्थलांतरापूर्वी) मक्केत व त्यानंतर मदिनेत, ती प्रसंगाप्रसंगाने अवतरत गेली.

आपल्याला धागा सापडला नाही यात आपला दोष नाही. ग्रंथात ११४ सूरह आहेत आणि पहिली ‘फातिहा’ सोडली, तर त्यांचा क्रम साधारणपणे लांबीनुसार, मोठीकडून छोटीकडे लावलेला आहे, काळानुसार नाही. सर्वप्रथम अवतरलेल्या मानल्या जाणाऱ्या आयती ९६ व्या सूरहमध्ये आहेत, तर दुसरी सूरह मदिनेतील असून तीत २८६ आयती आहेत. सलग कथा म्हणावी अशी एकच मोठी सूरह आहे, ती १२ वी, यूसुफ यांची. म्हणून नव्या वाचकाने अखेरच्या, म्हणजे तिसाव्या पाऱ्यातील (भागातील) छोट्या सूरहांपासून आरंभ करावा असे आम्ही सुचवू. त्या बहुतेक मक्केतल्या आहेत आणि त्यांत न्यायाचा दिवस, अनाथांविषयीची कणव आणि धनाच्या गर्वाचा निषेध हे विषय थेट येतात. जिवंत पुरलेल्या मुलीला त्या दिवशी विचारले जाईल की तुला कोणत्या अपराधासाठी मारले, ही ८१ व्या सूरहमधील आयत त्याच पाऱ्यात आहे.

पैगंबरांच्या हयातीत कुरआन मुख्यतः अनुयायांच्या मुखी होता आणि त्याचे भाग खजुराच्या झावळ्यांचे देठ, चामडे, सपाट दगड अशा मिळेल त्या साधनांवर लिहिलेले होते. त्यांच्या निधनानंतर लवकरच यमामाच्या लढाईत अनेक हाफिज (कुरआन मुखोद्गत असलेले) मारले गेले, तेव्हा अबू बकर यांनी जैद बिन साबित यांच्याकडे संकलनाचे काम सोपवले. ती एकत्रित प्रत अबू बकर यांच्यानंतर दुसरे खलिफा (पैगंबरांनंतरचे समाजप्रमुख) उमर यांच्याकडे आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची कन्या व पैगंबरांची पत्नी हफ्सा यांच्याकडे राहिली. तिसरे खलिफा उस्मान यांनी ६५० च्या सुमारास प्रमाण प्रती तयार करवल्या, तेव्हा आधारासाठी हफ्सा यांच्याकडूनच ती प्रत मागवून घेतली होती. ज्या ग्रंथावर अवघा धर्म उभा आहे त्याची प्रत एका स्त्रीच्या ताब्यात विश्वासाने ठेवलेली होती, ही गोष्ट जितक्या वेळा सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

हदीस म्हणजे पैगंबरांची वचने आणि आचरण यांच्या नोंदी. त्या कुरआनापासून वेगळ्या आहेत. सुन्नी परंपरेत सर्वाधिक प्रमाण मानले जाणारे संग्रह करणारे बुखारी ८७० मध्ये आणि मुस्लिम ८७५ मध्ये वारले, म्हणजे पैगंबरांनंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळे कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासून हदीस विश्वसनीय की दुर्बल हे ठरवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत, आणि इतर सहकाऱ्यांनी सांगितलेल्या काही हदीसांत त्यांनी स्पष्ट दुरुस्त्या केल्याच्या नोंदीही आहेत. कुरआन आणि हदीस यांवरून नियम काढण्याच्या प्रयत्नातून हनफी, मालिकी, शाफई व हंबली हे चार सुन्नी पंथ आणि शियांचा जाफरी पंथ उभे राहिले. हे नियम विद्वान माणसांनी काढलेले आहेत आणि त्यांच्यात मतभेद आहेत.

प्रश्न : कुरआन स्त्रीशी बोलतो की केवळ स्त्रीविषयी पुरुषांशी बोलतो? (एक गृहिणी, नवी मुंबई)

उत्तर : आपला प्रश्न पैगंबरांच्या काळातील एका स्त्रीनेही विचारला होता. त्यांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी, कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा स्त्रियांचा का होत नाही, असे त्यांना विचारल्याची नोंद हदीस संग्रहांत आहे. परंपरा असे मानते की ३३ व्या सूरहची ३५ वी आयत त्यानंतर अवतरली. तीत श्रद्धावान पुरुष आणि श्रद्धावान स्त्रिया, सत्यवचनी पुरुष आणि सत्यवचनी स्त्रिया, धैर्यशील पुरुष आणि धैर्यशील स्त्रिया अशा दहा जोड्या ओळीने येतात आणि त्या सर्वांसाठी एकच क्षमा व एकच महान प्रतिफळ सांगितले आहे.

दुसरा प्रसंग खौला बिंत सालबा यांचा. त्यांचे पती औस यांनी रागाच्या भरात त्यांना ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस’ असे म्हटले. इस्लामपूर्व अरबस्तानात या एका वाक्याने पत्नी पतीला कायमची वर्ज्य होत असे. खौला पैगंबरांकडे आल्या, आपले तारुण्य या माणसाच्या संसारात गेले, मुले झाली, आणि आता या वयात त्याने असे म्हणावे, अशी तक्रार त्यांनी केली, वाद घातला, आणि मनासारखे उत्तर न मिळाल्यावर अल्लाहकडे गाऱ्हाणे मांडले. ५८ वी सूरह तेथूनच सुरू होते : पतीबाबत तुझ्याशी वाद घालणाऱ्या आणि अल्लाहकडे तक्रार करणाऱ्या स्त्रीचे बोलणे अल्लाहने ऐकले आहे. पुढच्या आयतींनी त्या जुन्या चालीला खोटे आणि निंद्य वचन ठरवले आणि असे बोलणाऱ्या पतीवर प्रायश्चित्त लादले : एक गुलाम मुक्त करणे, ते जमत नसल्यास सलग दोन महिने रोजे, आणि तेही शक्य नसल्यास साठ गरिबांना जेवण. पुढे खलिफा झालेले उमर रस्त्यात थांबून या वृद्ध स्त्रीचे बोलणे ऐकत उभे राहिले, आणि बरोबरच्यांनी हटकल्यावर, जिचे म्हणणे सात आकाशांवरून ऐकले गेले तिचे उमरने ऐकू नये काय, असे म्हणाले, अशी कथा परंपरेत सांगितली जाते.

पहिल्या श्रद्धावान स्त्रीविषयीही दोन शब्द. खदीजा या स्वतःचा व्यापार असलेल्या मक्केतील प्रतिष्ठित स्त्री होत्या, मुहंमद त्यांच्या व्यापारी काफिल्याचे काम पाहत होते, आणि त्यांच्यावर सर्वप्रथम विश्वास ठेवला तो खदीजा यांनीच. कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री मात्र ईसा यांची माता मरियम आहे. १९ व्या सूरहला तिचेच नाव आहे.

प्रश्न : मुलीला मुलाच्या निम्मा वाटा का? याला समानता कसे म्हणता येईल? (एक निवृत्त शिक्षक, चिपळूण)

उत्तर : आधी हिशेब पाहू. एखादा सुन्नी मुसलमान वारला, त्याचे आईवडील हयात नाहीत, मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहे, आणि कर्ज वगैरे फेडून २४ लाखांची मालमत्ता उरली आहे असे समजा. चौथ्या सूरहच्या ११ व १२ व्या आयतींनुसार मुले असल्यास पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे ३ लाख मिळतात. उरलेल्या २१ लाखांपैकी मुलाला १४ आणि मुलीला ७ लाख. एका स्त्रीचा वाटा प्रत्येक नात्यात निम्माच असतो असे नाही. मृताला मुलगा असेल आणि आईवडीलही हयात असतील तर त्या दोघांना प्रत्येकी एक षष्ठांश, म्हणजे समान वाटा मिळतो.

निम्म्या वाट्याचे पारंपरिक समर्थन असे की, पत्नी, मुले आणि गरज पडल्यास बहीण यांच्या पोषणाचा भार पुरुषावर आहे, तर स्त्रीची मिळकत, वारसा आणि मेहर (विवाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम किंवा मालमत्ता) ही सर्वस्वी तिची असून त्यातून घरखर्च करण्याचे बंधन तिच्यावर नाही. सातव्या शतकात विवाहितेची स्वतंत्र मालमत्ता मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हती. तथापि भाऊ बहिणीला प्रत्यक्षात पोसत नसेल आणि ती स्वतः नोकरी करून घर चालवत असेल, तर हे समर्थन अपुरे पडते, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. ट्युनिशियात २०१८ साली राष्ट्राध्यक्षांनी समान वारशाचा प्रस्ताव मांडला, मंत्रिमंडळाने तो स्वीकारला, परंतु त्याचा कायदा होऊ शकला नाही. शरियतीच्या चौकटीत राहून आजही एक मार्ग खुला आहे : पित्याने हयातीत हिबा करून, म्हणजे बक्षीस देऊन, मुलगा व मुलगी यांना सारखे देणे. देणगी देताना मुलांमध्ये न्याय राखा, असे पैगंबरांचे वचन बुखारींच्या संग्रहात आहे.

मात्र आपल्याकडील खरे दुखणे याहून वेगळे आहे. निम्मा वाटासुद्धा मुलीच्या हाती पडत नाही. १८४७ साली मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात खोजा आणि मेमन समाजातील मुलींच्या वतीने कुरआनाप्रमाणे वाटा मागितला गेला, तेव्हा मुख्य न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी, या समाजांची रूढी मुलीला वारस मानत नसल्याने रूढीच लागू होईल, असा निर्णय दिला आणि मुली हरल्या. अशा रूढींना बाजूला सारण्याच्या हेतूने १९३७ चा शरियत कायदा आला, पण त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. आजही कायद्याने मिळालेला वाटा बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन सोडवला जातो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. या बाबतीत हिंदू बहीण आणि मुसलमान बहीण यांची कहाणी महाराष्ट्रात एकसारखीच आहे. निम्म्या वाट्यावरून इस्लामला बोल लावणाऱ्यांनी आणि त्याच वाट्यावरून इस्लामचा अभिमान सांगणाऱ्यांनी, दोघांनीही, आपल्या घरातल्या बहिणीचा वाटा तिला दिला काय, हे आधी सांगावे.

प्रश्न : चार विवाह, पत्नीला मारण्याची मुभा आणि तोंडी तलाक हे सर्व कुरआनात आहे का? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : तिन्ही गोष्टी एका दमात विचारल्या जातात, पण त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

चार विवाहांची परवानगी ४:३ (चौथी सूरह, तिसरी आयत) मध्ये आहे, तीही अनाथांच्या हक्कांविषयीच्या वाक्यात, आणि न्याय करता येणार नाही अशी भीती असल्यास एकच, या अटीसह. त्याच सूरहची १२९ वी आयत म्हणते की, कितीही इच्छा केली तरी पत्नींमध्ये पूर्ण न्याय तुम्हाला करता येणार नाही. या दोन आयती एकत्र वाचून एकपत्नीत्व हाच कुरआनाचा रोख आहे असे अनेक आधुनिक विचारवंतांनी मांडले. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदीच घातली. जुन्या शास्त्र्यांनी मात्र अट पतीच्या सदसद्विवेकावर सोडली, आणि भारतातील मुस्लिम व्यक्तिगत कायदाही तेथेच थांबला आहे. निकाहनाम्यात दुसरा विवाह न करण्याची अट घालता येते, आणि ती मोडल्यास पत्नीला तलाकचा अधिकार मिळेल असेही लिहिता येते. प्रत्येक वधूपित्याने काझींसमोर बसण्यापूर्वी हे समजून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मारण्याचा उल्लेख ४:३४ मध्ये आहे, आणि तो नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. बंडखोर वर्तनाची भीती असलेल्या पत्नीला आधी समजावणे, मग शय्या वेगळी करणे आणि मग मारणे, असा क्रम तेथे येतो. बहुतेक जुन्या भाष्यकारांनी शेवटच्या टप्प्यावर, इजा होऊ नये, चेहऱ्यावर नको, न मारणेच उत्तम, अशी बंधने घातली. काही आधुनिक अभ्यासकांनी त्या शब्दाचा अर्थ दूर होणे असा घेतला. ज्यांच्यावर हा ग्रंथ अवतरला त्यांनी स्वतः कधी पत्नीवर हात उचलला नाही, असे आयशा यांचे म्हणणे हदीसमध्ये आहे, आणि पत्नीशी उत्तम वागणारा तोच तुमच्यात उत्तम, हे वचनही आहे. भारतात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू असल्याने, कोणत्याही आयतीचा आधार घेऊन मारहाणीचे समर्थन न्यायालयात चालणार नाही.

एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक कुरआनात नाही. ६५ वी सूरह इद्दतीचा, म्हणजे तलाकनंतरच्या प्रतीक्षेचा, कालावधी मोजायला सांगते, ४:३५ दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगते, आणि २:२२९ म्हणते की तलाक दोनदा, त्यानंतर चांगल्या रीतीने नांदवणे किंवा सौजन्याने मुक्त करणे. असे असूनही सुन्नी पंथांतील बहुसंख्य शास्त्र्यांनी तिहेरी तलाक पापमय, तरी लागू, असे ठरवले आणि त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी मोजली. मिरजोळीचे हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तो तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्धच. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ साली, तलाक दिल्याचे नुसते सांगून भागणार नाही, त्याची कारणे आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतील, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिहेरी तलाक रद्द ठरवला, आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला.

पत्नीलाही विभक्त होण्याचा अधिकार आहे, हे मात्र फार थोड्या स्त्रियांना माहीत असते. साबित बिन कैस यांच्या पत्नीने, पतीच्या धर्माचरणात किंवा स्वभावात दोष नाही, पण आपण त्यांच्याबरोबर राहू शकत नाही, असे पैगंबरांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले की मेहर म्हणून मिळालेली बाग परत देशील का, आणि होकार येताच विवाह संपवला. ‘खुला’, म्हणजे पत्नीने मागितलेला विवाहविच्छेद, तो हाच. शिवाय १९३९ च्या कायद्यानुसार पतीने दोन वर्षे पोषण न केल्यास, चार वर्षे बेपत्ता राहिल्यास किंवा क्रूरपणे वागवल्यास पत्नी न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळवू शकते.

प्रश्न : बुरखा सक्तीचा आहे का, आणि स्त्रिया मशिदीत का जात नाहीत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दृष्टी खाली ठेवण्याची आज्ञा २४:३० मध्ये प्रथम पुरुषांना आहे, त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना. चेहरा आणि हात सोडून शरीर झाकावे हे जुन्या शास्त्र्यांतील प्रचलित मत आहे. चेहरा झाकण्याबाबत त्यांच्यात मतभेद आहेत, आणि हजच्या इहराम अवस्थेत (यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत) तर स्त्रीने नकाब घालू नये असेच हदीसमध्ये सांगितले आहे. काळा बुरखा, दाऊदी बोहरा स्त्रियांचा रंगीत रिदा किंवा नुसती ओढणी हे प्रदेशाप्रदेशाचे पोशाख आहेत.

अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोघांच्याही संग्रहांत आहे, आणि मक्का व मदिना येथे स्त्रिया आजही नमाज अदा करतात. भारतात हनफी शास्त्र्यांनी स्त्रीने घरी नमाज पढणे श्रेयस्कर मानल्याने बहुतेक मशिदींत तिच्यासाठी सोयच केली गेली नाही. पुण्यातील एका दांपत्याने २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आपल्या प्रतिज्ञापत्रात स्त्रियांना मशिदीत नमाजेसाठी प्रवेश आहे असेच सांगितले. सामुदायिक नमाज त्यांच्यावर बंधनकारक नाही, इतकेच. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातील मजारीपर्यंत (समाधीपर्यंत) जाण्याचा स्त्रियांचा अधिकार उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी मान्य केला आहे. आपल्या गावच्या मशिदीत स्त्रियांसाठी वेगळा दरवाजा, वजूची (नमाजेपूर्वी हातपाय धुण्याची) जागा आणि नमाजेची जागा नसेल, तर ती मागणी जमातीच्या विश्वस्तांकडे लेखी करावी; तिला नकार देण्यासाठी त्यांना हदीसचा आधार मिळणार नाही.